दिवस राहत नाहीत: आधी काय तपासायचं, मग काय (सांगली, मिरज, सातारा)

रानजाई
तिशीनंतर चान्स घेणाऱ्या बायकांचे प्रश्न इथे दहा धाग्यांत विखुरलेत, म्हणून हा एक स्वतंत्र धागा. एकच विनंती: "आमच्या शेजारच्या एकीला अमुक झाडपाला लागू पडला" असे किस्से नकोत. कोणत्या दिवशी काय, किती डोस, कुठे चुकतं, एवढंच लिहा. डॉक्टरांची नावं घेऊन उणीदुणीही नकोत.

सुरुवात मी करते. पहिली गल्लत मोजण्यात होते. लग्नाला चार वर्षं झाली म्हणजे चार वर्षं प्रयत्न झाले असं होत नाही. मोजायचे ते महिने, ज्यात अंडं फुटण्याच्या दिवसांत नवरा-बायको एकत्र होते. अंडं फुटल्यावर १२ ते २४ तासच टिकतं, शुक्राणू मात्र ५ दिवसांपर्यंत तग धरतात. म्हणजे अंडं फुटायच्या आधीचे पाच दिवस आणि तो एक दिवस, एवढीच खिडकी, आणि त्यातले शेवटचे दोन-तीन दिवस सगळ्यात कामाचे. "चौदावा दिवस" हे फक्त २८ दिवसांची पाळी असणारीसाठी. अंडं साधारण पुढच्या पाळीच्या १४ दिवस आधी फुटतं. ज्यांची पाळी ३५ दिवसांनी येते त्यांचा दिवस एकविसावा. चौदाव्यावर भर देऊन त्या दर महिन्याला आठवडाभर आधी दमतात.

असे महिने मोजून, वय ३५ च्या आत असेल तर १२, ३५ नंतर ६, आणि चाळिशी आली असेल तर थेट तपासणी. पाळी ३५ दिवसांहून लांबत असेल, पाळीत अंथरूण धरायला लावणारी कळ येत असेल, पूर्वी क्षयरोग, नळीतला गर्भ किंवा पोटाचं मोठं ऑपरेशन झालं असेल, किंवा नवऱ्याच्या अंडकोशाचं ऑपरेशन झालं असेल, तर या मुदती लागू नाहीत. लगेच जावं.

विट्याची_वहिनी
चांगला धागा. पण आमच्या खानापूर-आटपाडीकडे अर्धे नवरे गलाईवर (सोनं-चांदी गाळायच्या कामावर), कोणी कोइमतूर तर कोणी कोलकात्याला. साताऱ्याकडे फौजी, पाटण-जावळीकडे माथाडी. वर्षातून दोनदा घरी. त्यांनी खिडकी कशी गाठायची? आणि सासरी तर लग्नाची वर्षंच मोजतात.

कृष्णाकाठची_सिस्टर
@विट्याची_वहिनी, दोन गोष्टी वेगळ्या करा. वर्षातून दोन सुट्ट्या असतील आणि एका सुट्टीत एकच खिडकी सापडत असेल, तर वर्षाला प्रयत्न दोनच. तीन वर्षांत सहा. हे डॉक्टरांना असंच सांगायचं. नाहीतर केसपेपरवर "३ वर्षांपासून" लिहिलं जातं आणि गरज नसताना पुढच्या पायरीचे उपचार सुरू होतात.

सुट्टी ठरवताना मागच्या सहा पाळ्यांच्या तारखा कॅलेंडरवर लिहा. पाळी २६ ते ३० दिवसांत येत असेल तर आठव्या ते अठराव्या दिवसापर्यंत नवरा घरी हवा. त्या काळात एक दिवसाआड पुरे. रोज हवं असं काही नाही, आणि "साठवून एकदाच" हा प्रकार तर उलटा पडतो. वंगणासाठी तेल किंवा थुंकी वापरू नका, शुक्राणू मंदावू शकतात.

सुट्टी जुळतच नसेल तर नोंदणी असलेल्या केंद्रात वीर्य गोठवून ठेवता येतं आणि पुढे आययूआयला (वीर्य धुऊन बारीक नळीने थेट पिशवीत सोडणं) वापरता येतं. त्याआधी नवऱ्याची एचआयव्ही, कावीळ बी आणि सी यांची रक्ततपासणी आणि दोघांच्या सह्या लागतात. गोठवून वितळवताना बरेच शुक्राणू मरतात, म्हणून मूळचा रिपोर्टच कमजोर असेल तर आययूआयला ते पुरत नाहीत.

गलाईबद्दल आणखी एक. भट्टीची धग आणि जिथे शिसं वापरतात तिथली वाफ, दोन्ही शुक्राणूंना वाईट. तेव्हा तपासणीची सुरुवात नवऱ्यापासून करा.

मिरज_लॅबकट्टा
सिस्टर म्हणतात त्याला दुजोरा. बाईच्या नळ्या, दुर्बीण, पिशवी सगळं होतं आणि नवऱ्याची साधी वीर्यतपासणी शेवटपर्यंत राहते, हे या पट्ट्यात फार. सगळ्यात स्वस्त आणि बिनदुखीची तपासणी तीच.

नमुना देण्याआधी २ ते ७ दिवस संयम. तीन-चार दिवस सगळ्यात बरे. दहा दिवस थांबून आलात तर संख्या जास्त दिसते पण मेलेले जास्त. नमुना शक्यतो लॅबमध्येच द्यावा. घरून आणायचा तर लॅबच्याच डबीत, अंगाच्या उबेला, शर्टाच्या आत धरून, अर्ध्या तासात, फार तर तासाभरात पोचला पाहिजे. जतहून एसटीने मिरजेला नमुना पाठवून उपयोग नाही. बाजारातल्या निरोधात गोळा केलेला चालत नाही, त्यातल्या रसायनाने शुक्राणू मरतात. पहिला थेंब सांडला तर लाजू नका, सांगा. सर्वात जास्त शुक्राणू पहिल्या भागातच असतात. गेल्या तीन महिन्यांत ताप, टायफॉइड, डेंग्यू झाला असेल तर तेही फॉर्मवर लिहा.

रिपोर्ट वाचताना जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या आवृत्तीतल्या खालच्या मर्यादा अशा: प्रमाण १.४ मिली, एका मिलीत १.६ कोटी, एकूण ३.९ कोटी, हलणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट आकाराचे ४ टक्के. हो, चारच. "९५ टक्के खराब" वाचून लोक हबकतात, पण ते सर्वसाधारण आहे. आणि या मर्यादेखाली म्हणजे मूल होणारच नाही असंही नाही. एक रिपोर्ट खराब आला तर निष्कर्ष काढू नका. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणून दुसरा नमुना साधारण तीन महिन्यांनी. एकही शुक्राणू दिसला नाही तर मात्र तीन महिने थांबायचं नाही. लवकर दुसरा नमुना, सोबत रक्तातलं एफएसएच (अंडकोश-अंडाशयाला चालना देणारं संप्रेरक) आणि टेस्टोस्टेरॉन (पुरुषी संप्रेरक).

आप्पा_तालीम
सांगली-साताऱ्याच्या पोरांसाठी सांगतो. तालमीत आणि जिममध्ये अंग भरायला जी इंजेक्शनं घेतात ना, त्यातलं टेस्टोस्टेरॉन बाहेरून आलं की मेंदू अंडकोशाला काम थांबवायला सांगतो. बाहेरून पैलवान, आत शुक्राणू शून्य. बंद केल्यावर परत यायला सहा महिने ते वर्ष, कधी त्याहून जास्त. डॉक्टरांपुढे हे लपवतात, आणि बायकोची दुर्बीण होते.

रानजाई
:) आप्पा, शेवटचं वाक्य फ्रेम करून लावायला हवं.

तासगाव-कवठेमहांकाळच्या द्राक्षवाल्यांनीही ध्यानात घ्या. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारणी सतत असते. हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्या, आणि घरी आल्यावर आधी अंघोळ, कपडे वेगळे धुवायचे. बायकाही बागेत असतातच, त्यांनाही हेच.

कराडची_मृणाल
बाईच्या रक्ततपासण्या कोणत्या दिवशी करायच्या, ते कोणी लिहील का? प्रत्येक जण वेगळं सांगतं.

मिरज_लॅबकट्टा
पाळीचा पहिला दिवस म्हणजे नीट रक्तस्राव सुरू झाला तो. आदल्या दिवशीचा डाग धरत नाहीत. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी एफएसएच, एलएच (अंडं फुटायचा इशारा देणारं संप्रेरक) आणि इस्ट्राडायॉल (स्त्री-संप्रेरक). तिन्ही एकत्रच, कारण इस्ट्राडायॉल वाढलेलं असेल तर एफएसएच दबतं आणि खोटं चांगलं दिसतं. टीएसएच (थायरॉइडसाठी) आणि एएमएच (अंड्यांच्या साठ्यासाठी) कोणत्याही दिवशी. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं संप्रेरक) सकाळी, पण झोपेतून उठल्या उठल्या नाही. दोन-तीन तासांनी, थोडं शांत बसून. गाडी पकडायला धावत येऊन लगेच हात पुढे केला तर ते वाढलेलं येतं आणि विनाकारण गोळी सुरू होते.

अंडं फुटलं का, हे बघायला प्रोजेस्टेरॉन. "एकविसाव्या दिवशी" असं छापून दिलेलं असतं, पण ते पुढच्या पाळीच्या सात दिवस आधी करायचं. ३५ दिवसांच्या पाळीत २८ व्या दिवशी. ३ नॅनोग्रॅमच्या वर म्हणजे अंडं फुटलं.

केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर निदान दोन-तीन दिवस आधी बंद. थायरॉइडसह बरेच रिपोर्ट त्यामुळे चुकतात. हे कोणी विचारत नाही, तुम्हीच सांगा.

याच खेपेला हिमोग्लोबिन, तीन महिन्यांची साखर, रक्तगट, रुबेला आणि थॅलेसेमियासाठी एचपीएलसी उरकून घ्या. रुबेलाची प्रतिकारशक्ती नसेल तर लस, आणि लसीनंतर एक महिना गर्भ राहू द्यायचा नाही.

कराडची_मृणाल
एएमएच १.१ आलं की "वेळ गेली, थेट टेस्ट ट्यूब" असं ऐकवतात. ते कितपत खरं?

कृष्णाकाठची_सिस्टर
एएमएच अंड्यांचा साठा सांगतं, दर्जा नाही. दर्जा वयावर जातो. आपोआप दिवस राहतील की नाही हे त्यावरून कळत नाही. इंजेक्शनं दिली तर साधारण किती अंडी येतील, एवढ्याचा अंदाज येतो. ३२ व्या वर्षी १.१ आणि ४१ व्या वर्षी १.१ या दोन वेगळ्या गोष्टी. गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना ते कमी येतं. आणि एकक बघा: पिकोमोलमध्ये असेल तर ७.१४ ने भागा, मग नॅनोग्रॅम मिळतं.

मिरज_लॅबकट्टा
थोडी असहमती. ३६-३७ व्या वर्षी एएमएच कमी असेल तर घाबरायचं नाही, पण सहा-सहा महिने गोळ्यांवर काढणंही परवडत नाही. आकडा म्हणजे शिक्षा नव्हे, घड्याळ समजा.

कृष्णाकाठची_सिस्टर
ते मान्य. माझा मुद्दा फक्त आकडा दाखवून त्याच दिवशी पॅकेजवर सही घेण्याबद्दल होता.

माणदेशी
नळ्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, आणि खरी मेख तिथेच असते. आपल्याकडे नळ्या बंद असण्यामागे क्षयरोग हे मोठं कारण आहे. खोकला, ताप काही नसतं. पाळी कमी होत जाते किंवा तीही ठीक असते.

एचएसजी म्हणजे पिशवीत औषध सोडून काढलेला नळ्यांचा एक्सरे. रक्तस्राव थांबल्यावर आणि अंडं फुटायच्या आधी, साधारण सातव्या ते दहाव्या दिवशी. पाळीपासून तोपर्यंत संबंध नकोत. तासभर आधी डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी घ्यायची, सोबत कोणीतरी न्यायचं. औषध आत जाताना नळी पिशवीजवळ आकसली तर बंद नसलेली नळीही बंद दिसते. म्हणून "एक बाजू सुरुवातीलाच बंद" असा रिपोर्ट आला की लगेच रडायचं नाही. पुन्हा तपासणी किंवा दुर्बिणीतून खात्री. नळी टोकाला बंद होऊन पाण्याने फुगलेली असेल तर ते वेगळं प्रकरण: ते पाणी पिशवीत उतरतं आणि टेस्ट ट्यूबही फसते. अशी नळी आधी काढतात किंवा बांधतात.

क्षयरोगाच्या निदानासाठी पिशवीच्या अस्तराचा तुकडा घेतात, शक्यतो पाळी यायच्या आधीच्या दिवसांत. इथे एक हमखास चूक होते. तुकडा दोन बाटल्यांत पाठवायचा असतो. सूक्ष्मदर्शकाच्या तपासणीसाठी फॉर्मॅलिनमध्ये, आणि सीबीनॅट (जंतूची जनुकीय तपासणी) व कल्चर (जंतू वाढवून बघणं) यांसाठी साध्या सलाइनमध्ये. सगळाच फॉर्मॅलिनमध्ये गेला तर जंतू मरतात आणि कल्चर निगेटिव्ह येणारच. आत जाण्याआधी विचारा, "सलाइनची बाटली आहे ना?" कोपराखाली हातावर टोचतात त्या मॅन्टू चाचणीवरून औषध सुरू करायचं नाही; आपल्यात अनेकांचा जंतूशी कधीतरी संबंध आलेला असतो. निदान पक्कं झालं तर सहा महिन्यांचं औषध. राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, सांगली सिव्हिल, मिरजेचं शासकीय रुग्णालय किंवा साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय इथे विचारा.

विट्याची_वहिनी
"पिशवी धुऊन घेतली की राहतं" असं सर्रास म्हणतात. त्याचं काय?

माणदेशी
नुसतं धुऊन काही होत नाही. कारण नसताना वारंवार खरवडलं तर पिशवीच्या आत भिंती चिकटतात, पाळी कमी होते आणि गर्भाला रुजायला जागा राहत नाही. तपासणीसाठी तुकडा घेणं वेगळं, "साफ करणं" वेगळं.

रानजाई
पीसीओएसवर (अंडाशयात अंडी अर्धवट वाढून थांबतात तो विकार) लिहिते, कारण लांबलेल्या पाळीचं ते सर्वात मोठं कारण. सोनोग्राफीत "बारीक गाठी" दिसल्या एवढ्यावर निदान होत नाही. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं वाढल्याची चिन्हं आणि सोनोग्राफी, या तिन्हींतल्या दोन हव्यात. त्या गाठी नसतात, थांबलेली अंडी असतात. त्या काढून टाकायच्या नसतात.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी केल्यावर बऱ्याच जणींची पाळी आपोआप रुळावर येते. ८० किलोला ४ ते ८ किलो. सोमवार-गुरुवार-चतुर्थी असे उपास करून त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटा खाल्ला तर साखर आणि इन्सुलिन दोन्ही चढतात. उपास करायचाच तर भगर, शेंगदाणे, ताक, आणि तेही मोजून.

अंडं तयार व्हायला पहिली गोळी लेट्रोझोल. २.५ मिलीग्रॅम, पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस, गरजेनुसार डॉक्टर ५ किंवा ७.५ करतात. माहितीपत्रकात स्तनाचा कर्करोग लिहिलेला असतो, ते वाचून घरात गोंधळ उडतो. मूळ औषध त्यासाठीचं. भारतात ऑक्टोबर २०११ मध्ये वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती आणि २०१७ मध्ये ती उठली. जुन्या क्लोमिफेनने काहींचं अस्तर पातळ होतं, लेट्रोझोलने तो त्रास कमी.

मग नवव्या-दहाव्या दिवसापासून फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे अंडं किती वाढलं ते सोनोग्राफीत बघणं. मोठं होणारं अंडं रोज दीड-दोन मिलिमीटरने वाढतं, म्हणून एक दिवसाआड सोनोग्राफी पुरते. १८ ते २० ला पोचलं आणि अस्तर ७ च्या वर असलं की फोडायचं इंजेक्शन. सुमारे ३६ तासांनी अंडं फुटतं. या काळात डोकेदुखीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक नको, अंडं फुटण्यात अडथळा येऊ शकतो, पॅरासिटामॉल चालते.

पीसीओएस असताना लघवीची एलएच पट्टी फसवते. एलएच मुळातच जास्त, त्यामुळे चार-चार दिवस पॉझिटिव्ह. बाकीच्यांनी दुपारनंतर तपासावी, दोन तास आधी पाणी कमी. तपासणीची रेघ दुसरीइतकी किंवा तिच्याहून गडद हवी. फिकट रेघ म्हणजे निगेटिव्ह.

कराडची_मृणाल
फॉलिक ॲसिड ५ चंच मिळतं दुकानात. तेच घ्यायचं का?

कृष्णाकाठची_सिस्टर
बहुतेकींना ४०० मायक्रोग्रॅम पुरतं, निदान एक महिना आधीपासून. ५ मिलीग्रॅम हे त्याच्या साडेबारा पट. ते आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, मधुमेह असेल किंवा फिटच्या गोळ्या चालू असतील तर, डॉक्टरांच्या सांगण्यावरून. माळकरी घरातल्या, अंडी-मासे न खाणाऱ्या बायकांनी बी-१२ आधी तपासावं. ते कमी असताना मोठ्या डोसचं फॉलिक घेतलं तर पंडुरोग झाकला जातो आणि मुंग्या-बधिरपणा वाढत राहतो. मधुमेहात आणि पीसीओएसमध्ये देतात त्या मेटफॉर्मिननेही बी-१२ घटतं.

थायरॉइडची गोळी उपाशीपोटी पाण्यासोबत, चहा अर्ध्या-पाऊण तासाने. लोह आणि कॅल्शियम चार तासांनी. आणि मिश्री! "ती काय तंबाखू आहे का" असं विचारतात. तंबाखूच आहे, भाजलेली. आधी ती बंद.

आप्पा_तालीम
नवऱ्याच्या गुटख्यालाही तेच लागू.

विट्याची_वहिनी
आययूआय किती वेळा करायचं? आणि टेस्ट ट्यूबची इंजेक्शनं गावाकडे कशी सांभाळायची? आटपाडीला लाईट जाते.

कृष्णाकाठची_सिस्टर
आययूआयला निदान एक नळी उघडी हवी. तीन-चार वेळा नीट करून जमलं नाही तर तेच सहा-आठ वेळा करण्यात अर्थ नाही. वय ३८ च्या पुढे असेल तर त्याहून आधीच पुढचा विचार.

केंद्र निवडताना २०२१ च्या एआरटी (कृत्रिम गर्भधारणा) कायद्याखालचं नोंदणीपत्र भिंतीवर बघा. लेव्हल १ म्हणजे फक्त आययूआय, टेस्ट ट्यूब लेव्हल २ मध्येच. बाईचं वय २१ ते ५०, पुरुषाचं २१ ते ५५ ही कायद्याची चौकट. खर्च विचारताना इंजेक्शनं, भूल, गोठवणं, गोठवलेला गर्भ पुढे ठेवण्याचं वार्षिक भाडं आणि दुसऱ्यांदा गर्भ सोडण्याचा खर्च, प्रत्येक वेगळा लिहून मागा. "मुलगाच" असं कोणी सुचवलं तर तिथून उठा, तो गुन्हा आहे.

इंजेक्शनं साधारण ८ ते १२ दिवस, पोटाच्या कातडीखाली, शिकून घरीच घेता येतात. बरीचशी २ ते ८ अंशांत ठेवायची असतात, काही २५ अंशांपर्यंत चालतात, खोक्यावर वाचा. फ्रिजच्या दारात नाही, बर्फाच्या कप्प्याजवळही नाही. गोठलं की वाया. सांगलीहून नेताना थर्मासात बर्फाची पिशवी, आणि इंजेक्शन कापडात गुंडाळून, बर्फाला थेट न लावता. लाईट गेली तर फ्रिज उघडायचा नाही. अंडी काढायच्या आधीचं शेवटचं इंजेक्शन घड्याळ लावून, कारण ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात. रात्री साडेदहाचं सांगितलं तर साडेदहालाच. तासभर चुकलं तर लपवू नका, तेव्हाच फोन करा, ऑपरेशनची वेळ सरकवता येते.

त्यानंतर पोट फुगून दिवसाला किलोभर वजन वाढलं, लघवी कमी झाली, धाप लागली, तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात.

कराडची_मृणाल
शेवटचा प्रश्न. फोडायच्या इंजेक्शननंतर दहाव्या दिवशी घरी पट्टी पॉझिटिव्ह आली तर खरी धरायची का?

मिरज_लॅबकट्टा
नाही. ते इंजेक्शन बहुतेक वेळा एचसीजीचंच (गर्भ राहिल्यावर तयार होणारं संप्रेरक) असतं, पट्टी तेच शोधते. १० ते १४ दिवस ते अंगात राहू शकतं. चौदाव्या दिवसानंतर रक्तातलं बीटा एचसीजी करा, आणि ४८ तासांनी पुन्हा, त्याच लॅबमध्ये. सुरुवातीला ते दोन दिवसांत साधारण दुपटीकडे जायला हवं. प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या चालू असतील तर पाळी लांबते, म्हणून "पाळी चुकली" यावर जाऊ नका आणि रिपोर्टआधी गोळ्या मनाने बंदही करू नका.

माणदेशी
आणि आकडा हळू वाढतोय, एका बाजूला पोटात दुखतंय, खांद्यात कळ येते किंवा चक्कर येते, तर नळीतला गर्भ असू शकतो. नळ्यांचा किंवा क्षयरोगाचा इतिहास असेल तर जास्तच. तेव्हा दुसऱ्या रिपोर्टसाठी थांबायचं नाही, जवळच्या सोनोग्राफी आणि ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात जायचं. दहिवडी-म्हसवडकडच्यांनी हा दवाखाना कोणता आणि रात्री गाडी कोणाची, हे आधीच ठरवून ठेवा.